फ्रीजमागे पडलेली वस्तू



वाईच्या या वसंत व्याख्यानमालेत आजवर फार मोठ्या विषयांवर फार मोठी माणसं बोलून गेली आहेत. त्यामुळे कार्यवाहांनी मला फोनवर विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा पलीकडून जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांनी अदबीनं विचारलं, "सर, पत्रिकेत काय छापू?" मी म्हटलं, "हेच छापा की." त्यांनी छापलं, आणि तरीही तुम्ही आलात. म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं काही ना काही आत्ता फ्रीजमागे पडलेलं आहे, असं मी धरून चालतो.

माझी नोकरी आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवण्यात गेली. कारखान्यात प्रत्येक कामाला ठरलेलं हत्यार असतं. बोल्टच्या मापाचा पाना असतो, तो नसेल तर काम थांबतं. घरातल्या या कामाला मात्र ठरलेलं हत्यार नाही. तसा बाजारात एक लांब दांड्याचा, मागून दाबला की पुढची नखं उघडणारा चिमटा मिळतो. पण ज्यांनी तो हौसेनं घेतलाय त्यांच्याकडे ऐन वेळी तोच कपाटामागे पडलेला असतो. तेव्हा घरातली माणसं लाटणं, छत्रीची काडी, हँगर, फूटपट्टी, जे हाती येईल ते घेऊन जमिनीवर पालथी पडतात आणि एकमेकांना सूचना देऊ लागतात.

यात चुकतं कुठे? आपण हत्यार निवडतो ते लांबी बघून. किती आत पोहोचेल एवढंच बघतो. कानातल्याची फिरकी ओट्यावरून घरंगळत फ्रीजखाली जाते, आपण झाडूचा दांडा आत घालतो, दांडा फिरकीपर्यंत पोहोचतो आणि तिला आणखी वीतभर आत, थेट भिंतीच्या कोपऱ्यात सारतो. दांडा पोहोचला, पण त्याला ढकलण्यापलीकडे काही येत नाही. आत जाणं आणि घेऊन येणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि हत्याराची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते. मला आज जे काही सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळी उदाहरणं.

हा प्रश्न फ्रीजबरोबर आला असं मात्र समजू नका. वाईत घरोघर नळ नव्हते तेव्हा वाड्यांतून आड होते. इथून साताऱ्याकडे जाताना लिंबला बारा मोटांची विहीर आहे, शाहू महाराजांच्या काळात 1719 ते 1724 या वर्षांत बांधलेली. तिच्यात काही पडलं तर निदान पायऱ्या उतरून खाली जाता येतं. वाड्यातल्या आडाला कसल्या पायऱ्या! अरुंद, खोल, आत अंधार, आणि रहाटावरून दोर सुटला की कळशी गेली तळाला. मग गळ शोधायचा. गळ म्हणजे एका लोखंडी कड्याला साखळ्यांनी लोंबणारे पाच-सात आकडे. तो आळीत एखाद्याच घरी असायचा. त्यातून शेवटचा कोणी नेला हे आठवत नसे, म्हणून ब्राह्मणशाही आळीत कळशी पडली की गणपती आळीपर्यंत चौकशी करत जावं लागे.

पण गळ टाकण्याआधी शहाणी बाई आणखी एक वस्तू मागवायची, ती म्हणजे आरसा. भर दुपारी अंगणात उन्हात आरसा धरायचा, कवडसा आडात पाडायचा आणि पाणी निवळेपर्यंत थांबायचं. कळशी कुठल्या अंगाला आहे, उभी आहे की आडवी, तोंड कुणीकडे, हे त्या उजेडात दिसायचं. मग गळ तळाला टेकवायचा, वीतभर उचलायचा आणि सावकाश फिरवायचा. आकडा कळशीच्या काठाखाली गेला की दोराला जे वजन लागतं ते हाताला लगेच कळतं. तिथे घाई करून हिसका दिला की संपलं, कळशी पुन्हा तळाला आणि गाळ वर. कळशीला काठ असतो म्हणून गळाला आकडे असतात. वस्तूच्या अंगावरची धरण्याजोगी जागा आधी हेरायची आणि हत्यार तिच्या मापानं करायचं, हे ज्ञान वाईच्या आजीबाईंना आयटीआयमध्ये न जाता होतं.

परतीच्या वाटेची ही गोष्ट किती खोलवर खरी आहे ते अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला 1974 साली कळलं. त्याआधी सहा वर्षं, 1968 मध्ये, के-129 ही रशियन पाणबुडी पॅसिफिक महासागरात जवळजवळ पाच किलोमीटर खोल बुडाली होती. ती चोरून वर काढायला अमेरिकनांनी ग्लोमार एक्सप्लोरर नावाचं अख्खं जहाज बांधलं, समुद्रतळातली खनिजं काढायचं निमित्त सांगितलं आणि लोखंडी नळ्या एकीला एक जोडत जोडत शेवटी एक राक्षसी पंजा खाली सोडला. पंजा पोहोचला. त्यानं पाणबुडी धरलीसुद्धा. वर येताना मात्र पंजाची काही नखं तुटली आणि पाणबुडीचा बराच मोठा भाग पुन्हा तळाला गेला. एवढा पैसा, एवढे इंजिनिअर, आणि तरी घात परतीच्याच वाटेवर झाला.

आता मी ज्याच्याकडे येतो त्याचं नाव या गावात घ्यायला संकोच वाटत नाही. प्राज्ञपाठशाळेच्या आणि विश्वकोशाच्या वाईत सुश्रुताची ओळख करून द्यायची गरज नाही. त्याच्या प्लास्टिक सर्जरीबद्दल आपण अभिमानानं बोलतो. पण त्याच्या संहितेच्या सूत्रस्थानातले यंत्रांचे आणि शल्य बाहेर काढण्याचे अध्याय वाचताना मला फिटर म्हणून जो आनंद झाला, तो वेगळाच. शरीरात बाण घुसलाय, घशात हाड अडकलंय, काटा मोडून राहिलाय, आणि ते बाहेर काढायचंय. अंधारी, अरुंद जागा, वस्तू आत आणि हात बाहेर. सुश्रुतानं त्यासाठी 101 यंत्रं सांगितली आणि सगळ्यांत मुख्य यंत्र हात, असंही बजावलं.

त्यातली चोवीस स्वस्तिकयंत्रं, म्हणजे चिमटे, पशुपक्ष्यांच्या तोंडांवरून बेतलेली आहेत. सिंहमुख, व्याघ्रमुख, काकमुख अशी त्यांची नावं. दिसणारं शल्य सिंहाच्या तोंडासारख्या यंत्रानं काढावं, आत दडलेलं कंकमुखानं. कंक हा लांब, निमुळत्या चोचीचा, बगळ्याच्या जातीचा पक्षी. आणि या सगळ्यांत कंकमुख श्रेष्ठ का, याचं कारण सुश्रुत देतो: ते आत सहज जातं, सहज परत फिरतं, शल्य घट्ट धरतं आणि ओढून काढतं. चार गुणांपैकी आत जाण्याचा फक्त एक आहे, बाकीचे तीन परत येण्याचे आहेत. मी हे वाचलं तेव्हा वर्गात फळ्यावर लिहून ठेवावंसं वाटलं. त्यानं यंत्राचे बारा दोषही मोजलेत. फार जाड, फार लांब, फार आखूड, ढिलं, न धरणारं, वेडंवाकडं धरणारं, तोंडाशी मऊ. आपला हँगर सरळ करून केलेला आकडा या यादीपुढे धरून बघा. निम्मे दोष त्यात सापडतील; विशेषतः 'तोंडाशी मऊ', कारण हँगरची तार वस्तूला लागली की वस्तू हलायच्या आधी स्वतःच सरळ होते. तिचं टोक पकडीनं दोनदा दुमडा, मग ती आकड्यासारखी वागेल.

आणि सुश्रुत चिमट्यावर थांबत नाही. लोखंडाचं शल्य असेल तर लोहचुंबक. घशात काही अडकलं तर नळी आत सरकवून तिच्यातून लाख किंवा मेण लावलेली सळई घालायची आणि वस्तू तिला चिकटवून आणायची. हाड अडकलं तर केसांचा गुंडा दोऱ्याला बांधून पातळ अन्नाबरोबर गिळायला द्यायचा, ओकारी काढायची आणि दोरा ओढायचा, हाड केसांत गुंतून येतं. हे घरी कुणी करून बघू नका. घशात काही अडकलं तर आज दवाखाना आहे. पण फ्रीजमागे मात्र ही सगळी तत्त्वं आजही जशीच्या तशी लागू पडतात.

चुंबकाचंच घ्या. घरातल्या फुटक्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून सोडायचा, ही मुलांची आवडती युक्ती. अडचण अशी की फ्रीजचं अंगच पत्र्याचं. चुंबक खाली पोहोचायच्या आधी फ्रीजलाच जाऊन बसतो. तो प्लास्टिकच्या पाइपाच्या तुकड्यात, टोकाशी जेमतेम उघडा राहील असा बसवा आणि जमिनीलगत सरकवा, मग तो कामाचा. तेही वस्तू लोखंडाची असेल तरच. किल्ली बहुधा पितळेची, अंगठी सोन्याची, जोडवी चांदीची. यांतलं काही चुंबकाला जुमानत नाही. अलीकडची एक आणि दोन रुपयांची नाणी स्टीलची आहेत, ती येतात. स्टीलच्या चमच्यांतही काही येतात, काही येत नाहीत. डब्यातला जोडीचा चमचा आधी चुंबकाला लावून बघा, म्हणजे जमिनीवर लोळायचे कष्ट वाचतील.

सोन्यासाठी लाखेची सळई. आपल्याकडे तिचं काम पट्टीच्या टोकाला गुंडाळलेली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप करते, नाहीतर घट्ट मळलेल्या कणकेची गोळी. वरून दाबायचं, आडवं सारायचं नाही, आणि उचलून आणायचं. वस्तू अगदी बारीक असेल, मणी किंवा फिरकी, तर व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडावर जुना पातळ मोजा ताणून रबर लावा; मणी मोज्याला चिकटून बसतो, पोटात जात नाही. नळी बाहेर येईपर्यंत मशीन बंद करायचं नाही, एवढं भान ठेवा.

पण सगळ्यांत जास्त विसरली जाते ती सुश्रुताची दुसरी सूचना. शल्य काढायच्या वाटा दोन, तो म्हणतो. प्रतिलोम, म्हणजे आलं त्या वाटेनं मागे ओढणं, आणि अनुलोम, म्हणजे पुढे ढकलून पलीकडून काढणं. आपण फ्रीजच्या डाव्या बाजूनं हात घातला की हट्टानं डाव्या बाजूनंच काढायला बघतो. उजवीकडे फट असते! झाडूचा दांडा ढकलण्यातच हुशार असेल तर त्याला ढकलू द्या, पलीकडे दुसरा माणूस बसवा. त्याहून चांगलं म्हणजे एक जाड ओला पंचा काठीनं एका बाजूनं आत घालायचा, दुसऱ्या बाजूनं त्याचं टोक धरायचं, आणि दोघांनी जमिनीवर घासत पुढे आणायचा. वस्तू येते, शिवाय मागच्या दिवाळीपासूनची जळमटं येतात. मुलगा आणि वडील एका कामावर विनावाद बसल्याचं हे मी पाहिलेलं एकमेव उदाहरण.

हे करताना आधी प्लग काढा. तार घेऊन फ्रीजमागे चाचपडणाऱ्या माणसानं प्लग न काढणं याला मी धाडस म्हणणार नाही. फ्रीज नुकता बंद केला असेल तर खालचा कंप्रेसर चांगलाच तापलेला असतो, हात लावू नका. गॅसच्या शेगडीमागे काही पडलं तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केल्याशिवाय आणि नळी बाजूला केल्याशिवाय आकडा घालू नका. मायक्रोवेव्हच्या आत पेच उघडून तर काहीच काढायचं नाही, त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो.

शेवटी एका परदेशी माणसाबद्दल बोलतो. शेव्हालिये जॅक्सन, जन्म 1865, अमेरिकेतले घशाचे डॉक्टर. लोकांनी, त्यातही लहान मुलांनी, गिळलेल्या नाहीतर श्वासनलिकेत गेलेल्या वस्तू त्यांनी आयुष्यभर काढल्या आणि एकही परत दिली नाही. फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात त्या 2,374 वस्तू आज खणांत मांडून ठेवलेल्या आहेत: नाणी, बटणं, खिळे, हाडं, टाचण्या. त्यांची पद्धत काय? मुलानं जी टाचणी गिळली असेल तशीच दुसरी मिळवायची, ती कुठून कशी धरता येईल याचा सराव करायचा, गरज पडली तर नवा चिमटा घडवायचा, आणि मगच मुलाला हात लावायचा. तेलाच्या विहिरींवरही असंच करतात; खोल भोकात अवजार तुटून पडलं की आधी शिशाचा ठोकळा खाली सोडून त्यावर दाबतात, वर आल्यावर त्यावरचा ठसा वाचतात आणि मग कुठलं हत्यार घालायचं ते ठरवतात. आरशाचा कवडसा तो हाच. तुमच्या हातात तर आज मोबाइल आहे. टॉर्च लावून, व्हिडिओ चालू ठेवून तो फटीत सरकवा आणि बाहेर काढून बघा. फक्त मोबाइल हातातून सुटू देऊ नका, नाहीतर काढायच्या वस्तू दोन होतील.

उघडी सेफ्टी पिन अन्ननलिकेत टोक वर करून अडकली तर काय, हा जॅक्सनपुढचा अवघड प्रश्न होता. तशीच वर ओढली तर ती वाटेत फाडत येणार. त्यांनी एक उपाय केला तो पिन आतल्या आत मिटवणाऱ्या चिमट्याचा. दुसरा उपाय असा की पिन वर न आणता खाली जठरात न्यायची, तिथल्या मोकळ्या जागेत फिरवायची, टोक मागे राहील अशी धरायची आणि मग वर काढायची. अनुलोम आणि प्रतिलोम, दोन्ही एकाच पिनेसाठी.

आता तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच की ही फटच बुजवून टाकली तर? बुजवू नका. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो, जुन्यांत ती मागच्या जाळीतून जाते, नव्यांत बहुधा बाजूच्या पत्र्यांतून. तिथे कागद, थर्माकोल कोंबला तर कंप्रेसर जास्त वेळ चालतो आणि बिल वाढतं. त्याऐवजी दोन्ही बाजूंना जमिनीवर दोन बोटं उंचीची लाकडी पट्टी आडवी ठेवा. घरंगळणारं तिथेच अडेल आणि हवा वरून खेळत राहील. आणि फ्रीजवरचा तो क्रोशाचा रुमाल काढा. कंप्रेसर चालू-बंद होताना फ्रीज थरथरतो, रुमाल थोडाथोडा सरकतो, आणि त्यावर ठेवलेल्या किल्ल्या, गोळ्यांची पाकिटं, लाइटबिल सगळं त्याच्यासोबत भिंतीकडे निघतं.