सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी बरं नाही



लालबाग-परळच्या चाळींत आमचं महिला मंडळ बीपी, शुगर तपासायला फिरतं. "मला उदास वाटतं" असं सहसा कोणी म्हणत नाही. "डोकं जड झालंय," "छातीत धडधडतं," "पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही," असं ऐकू येतं. नाक्यावरच्या डॉक्टरांकडे ताकदीचं इंजेक्शन होतं, रक्त तपासून होतं, ईसीजी निघतो. सगळं नॉर्मल! घरचे म्हणतात, "बघ, तुला काही झालेलं नाही." हे वाक्य आम्हाला फार घातक वाटतं.

कारण झालेलं असू शकतं. नैराश्य किंवा चिंतेचा आजार असाच अंगावाटे बोलतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. अशा नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांच्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, पण आमच्या जिन्यांवर काही वेगळं दिसत नाही. बरं, दवाखाना लांब म्हणावा तर केईएम १९२६ पासून परळला उभं आहे, तिथे मनोविकार विभाग आहे. गिरगावकरांना नायर जवळ. पण ओपीडी सकाळची, आणि पाणी, डबे, शाळाही सकाळीच. शिवाय रांगेत शेजारची कोणी भेटली तर? घरात मुलीचं लग्न ठरायचं असतं ना!

हे सगळं ओलांडून एक वहिनी गेल्या, गोळ्या आणल्या आणि पाचव्या दिवशी बंद केल्या. "काडीचा फरक नाही हो." अहो, नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. ती झोपेची गोळी नव्हे, तिचं व्यसन लागत नाही. बरं वाटलं तरी ती काही महिने चालू ठेवावी लागते. बंद करायची तीही डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

सगळ्यांना गोळीच लागते असंही नाही. गोव्यात डॉक्टर नसलेल्या स्थानिकांना शिकवून समुपदेशक केलं, गरजेप्रमाणे औषधंही दिली. २०१० साली त्याचे निष्कर्ष छापून आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी शंभरातले सुमारे ६६ जण बरे झाले होते, एरवीच्या उपचारांवर ४२. हे आपल्याकडे वॉर्डावॉर्डांत का नसावं, हे नगरसेवकांना विचारायला हवं. गटाराबद्दल विचारतोच की.

तोवर फोन आहे. टेली-मानस, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. दहा बाय बाराच्या खोलीत सासूबाईंसमोर कसं बोलणार, हे आम्हाला ठाऊक आहे. गच्चीवर कपडे वाळत घालताना बोला, भाजीला निघाल्यावर बोला. आणि कोणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं, तर उपदेश नको, तिला एकटं सोडू नका. रात्र असली तरी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा.

केसपेपर काढताना लाज वाटली तर डॉक्टरांना एवढंच सांगा: झोप नाही, भूक नाही, दोन आठवडे झाले. पुढचं ते विचारतील. सोबत हवी असेल तर मंडळात निरोप द्या. मंगळवारी सकाळी आमच्यातली एक जण मोकळी असते.