ओळ कोठे संपते?



टंकलेखन यंत्रावर ज्यांनी बोटे चालवली आहेत त्यांना ठाऊक असेल, की ओळ संपली म्हणजे दोन कामे होतात: गाडा ओळीच्या आरंभी परततो आणि कागद एक ओळ वर सरकतो. दूरमुद्रकाने या दोन कामांना दोन स्वतंत्र खुणा दिल्या. १९६३ च्या आस्की संकेतात त्यांचे क्रमांक १३ व १०. पुढे यंत्र गेले, खुणा राहिल्या, आणि वारसांत वाटणी झाली! युनिक्सने एकटा १० घेतला. १९८१ च्या एमएस-डॉसने, व मागाहून विंडोजने, दोन्ही ठेवले. जुन्या मॅकिन्टॉशचा १३ तर वेगळाच होता.

यात बिघडले काय? संगणकाच्या आज्ञावलीची चाचणी अशी घेतात: अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवायचे व आलेले उत्तर त्याच्याशी अक्षरशः ताडून पाहायचे. आमची बिले छापणारी आज्ञावली लिनक्सवर उत्तीर्ण होई, सहकाऱ्याच्या विंडोजवर नापास. पडद्यावर दोन्ही कागद हुबेहूब! दोन रात्री आम्ही दशांश चिन्हे तपासत बसलो. अखेर फायलींची लांबी मोजली. चाळीस ओळींच्या अपेक्षित फायलीत बरोबर चाळीस अक्षरे अधिक. फायली सांभाळणाऱ्या गिटने विंडोजवर उतरवताना प्रत्येक १० च्या आधी १३ घातला होता. आज्ञावली निर्दोष होती.

पण तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. 'ती चाचणी रडतेच' म्हणून तिच्याकडे पाहणे आम्ही सोडले, आणि त्याच आठवड्यात पैशांच्या पूर्णांकनाची खरी चूक तिच्या नाकाखालून ग्राहकापर्यंत गेली. दोष आमचाच.

उपाय साधा निघाला. या फायलींच्या ओळी सर्वत्र १० नेच संपाव्यात, असे गिटच्या नियमांच्या फायलीत लिहून टाकले. कोणी सुचवले, ताडण्यापूर्वी सगळीकडचे १३ पुसूनच टाकावेत. बिलांपुरते ते चालेलही; सरसकट मात्र आम्हांला मान्य नाही. ईमेल पाठवण्याच्या एसएमटीपी नियमांत प्रत्येक ओळ १३ व १० या जोडीनेच संपली पाहिजे. तेथे १३ पुसणारी चाचणी चुकीच्या पत्रालाही उत्तीर्ण ठरवील, म्हणून पत्रांच्या चाचणीत आम्ही एकही अक्षर पुसत नाही.