जे दिसलं तेच लिहा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातलं भाषण)



आधी एक गुन्हा कबूल करते. दहावीच्या प्रयोगवहीत ओहमच्या नियमाचा माझा आलेख अगदी सरळ रेषेत आला होता. तो प्रयोग मी केलाच नव्हता. पुढच्या बाकावरच्या वहीतले आकडे घेतले आणि थोडे इकडचे तिकडे केले. बाईंनी लाल शाईत शेरा मारला, "जे दिसलं तेच लिहा." बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, तो शेरा मला कळायला जवळजवळ पंचवीस वर्षं लागली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने इमारतींच्या सुरक्षा तपासणीसाठी मोबाइलवर भरायचा एक फॉर्म तयार केला. तपासनिसाने इमारतीत जायचं, पंप, वायरिंग, जिना, आग विझवायची नळकांडी बघायची आणि प्रत्येकापुढे 'ठीक' किंवा 'दुरुस्ती हवी' निवडायचं. काम झटपट व्हावं म्हणून मी 'ठीक' आधीच निवडून ठेवलं. फॉर्म भराभर यायला लागले. माझं कौतुकही झालं.

मग ऑगस्ट २०१९ आला. माझं सासर सांगलीचं. पावसाळ्यात तिथे माणसं खुशाली नंतर विचारतात, आधी विचारतात, "आयर्विनला किती फूट?" कृष्णेच्या त्या पुलापाशी ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. सासू-सासरे वरच्या मजल्यावर अडकलेले, फोन लागत नव्हता. मी पुण्यात कामात मन गुंतवायचा प्रयत्न करत बसले होते. तेवढ्यात पडद्यावर आमच्याच गल्लीतल्या एका इमारतीची नोंद दिसली, त्याच दिवसाची. तळमजल्यावरचा पंप : ठीक. मीटरची वायरिंग : ठीक.

तो तळमजला त्या दिवशी पाण्याखाली होता. तिथे कुणी पोचूच शकत नव्हतं. कुठेतरी बसून कुणीतरी नुसतं 'पाठवा' दाबलं होतं. दाबणारा तो, पण 'ठीक' हा शब्द लिहून ठेवलेला होता मी. पाणी ओसरल्यावर त्या नोंदीच्या भरवशावर कुणी मेन स्विच चालू केला असता तर? ती नोंद आम्ही रद्द केली. फॉर्ममधल्या सगळ्या जागा मी रिकाम्या केल्या आणि प्रत्येक वस्तूचा जागेवर काढलेला फोटो सक्तीचा केला. आता फॉर्म भरायला वेळ लागतो म्हणून तक्रारी येतात. येऊ देत.

खरी नोंद काय करते, याचं उदाहरण आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली. आपल्या आईवडिलांकडून त्या पहाटेच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्या आहेत. तोवर दख्खनचं पठार भूकंपाच्या बाबतीत जवळजवळ निर्धोक मानलं जात होतं. पण १९६२ पासून जलाशय भरू लागला, तसे लहान लहान धक्के जाणवू लागले. ते कुणी झटकून टाकले नाहीत. मोजणारी यंत्रं बसवली, नोंदी ठेवल्या. म्हणून त्या पहाटे धरणाच्या आत बसवलेल्या यंत्रावर हादऱ्यांची रेघ उमटली. धरणाच्या वरच्या भागाला तडे गेले होते. तडे कुठे गेले तेही टिपलं, मग धरणाला मागून आधार देऊन ते बळकट केलं. पुढे १९७० मध्ये देशाचा भूकंप-नकाशाही सुधारला गेला.

नोकरीला लागल्यावर बांधकामाचं गणित करणाऱ्या एका परदेशी सॉफ्टवेअरची पुस्तिका मी चाळत होते. त्यात सोडवून दाखवलेलं उदाहरण होतं कोयना धरणाचं! साताऱ्यातली ती रेघ जगभरचे इंजिनिअर आजही आपलं गणित पडताळायला वापरतात. तडे लपवले असते, तर पडताळायचं कशाशी?

आणि उलटं उदाहरण मुंबईचं. १४ मार्च २०१९ ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळला, माणसं गेली. त्याआधीच्या तपासणीत त्याला किरकोळ दुरुस्तीच सुचवली होती. ज्या पुलाची नोंदच नाही, त्यावर माणूस जरा जपून तरी पाय टाकतो. चांगला शेरा मिळालेल्या पुलावर कोण जपून चालेल?

आता आपल्या शाळेबद्दल. वर्गणीतून संगणक कक्ष व्हावा आणि तो मी उभा करावा, असं ठरतंय. मी करीन, आनंदाने करीन. पण काल वरच्या मजल्यावर गेले होते. आपल्या दहावीच्या वर्गात, खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे गेलेला तडा आहे. नवा की जुना? वाढतोय की तेवढाच आहे? कुणालाच सांगता आलं नाही. छत कुठे गळतं, कुठे गिलावा केला, हे सगळं शिपाईमामांना तोंडपाठ होतं. मामा निवृत्त झाले आणि शाळेची ती वही त्यांच्याबरोबर गेली.

म्हणून माझी विनंती अशी. वर्गणीतले पहिले पैसे इमारतीच्या संरचनात्मक तपासणीवर खर्च करू. आपल्या वर्गात स्थापत्यवाले तिघे आहेत, पण तपासणी बाहेरच्या माणसाकडून होऊ दे, म्हणजे भीड पडणार नाही. मूळ नकाशे शोधू. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची खूण करून तारीख घालू आणि दर पावसाळ्याच्या आधी नि नंतर बघू. या सगळ्याची एक फाइल मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील. अहवाल वाईट आला तर संगणक थांबतील, दुरुस्ती आधी होईल. कोनशिलेवर आपल्या बॅचचं नाव येणार नाही, याची तयारी ठेवू या.

त्या खिडकीखाली आज दुसऱ्या कुणाची तरी मुलं बसतात. बाई, ही वही पहिल्या पानापासून तुम्ही तपासा. यावेळी आकडे कुणाच्या वहीतून घेणार नाही.