इंजिने कोणी जपायची?

(वेरूळ येथे युवकांच्या श्रमशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वेरूळच्या डोंगराच्या पायथ्याशी बसून रेल्वेच्या जुन्या इंजिनांविषयी बोलावे, हे आपल्यापैकी कित्येकांना चमत्कारिक वाटले असेल. या गावाला रेल्वे कधी आली नाही. खुलताबादचा घाट ओलांडून दौलताबाद गाठावे, तेव्हा कोठे रूळ दृष्टीस पडतात. परंतु आपण येथे हाताने काम करण्यासाठी आला आहात आणि समोर कैलास लेणे उभे आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी हा कातळ वरून खाली कोरीत आणला गेला. पुढच्या काळातील एका राष्ट्रकूट ताम्रपटात, जो बडोद्यास सापडला, अशा एका अद्भुत मंदिराचे वर्णन आहे आणि ते घडविणारा कारागीर स्वतःच्याच कृतीने थक्क झाला, असेही त्यात म्हटले आहे. राजाचे नाव त्यात आहे. थक्क झालेल्या कारागिराचे मात्र नाही.

रेल्वेच्या इंजिनाची कथा याहून वेगळी नाही. कोणत्या कंपनीने, कोणत्या साली, कोणत्या गावी ते घडविले हे पितळी पाटीवर कोरलेले असते. त्याच्या भट्टीत आयुष्यभर कोळसा लोटणाऱ्या फायरमनची पाटी कोठे नसते. म्हणून जुनी इंजिने जपण्याचा प्रश्न हा केवळ छंदिष्टांचा प्रश्न आहे, असे मी मानीत नाही. ती कोणी जपायची, कोणाच्या हातांनी आणि कोणाची आठवण म्हणून, हे प्रश्न आपल्या विचारकक्षेत येतात.

प्रथम दूरचे उदाहरण सांगतो, कारण या कामाला स्वयंसेवकांचे हात पहिल्याने तेथे लागले. वेल्समध्ये टॅलिथ्लिन नावाची अवघ्या सात-सव्वासात मैलांची अरुंद रुळांची रेल्वे आहे. १८६० नंतरच्या दशकात ती पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी घातली गेली. १९४६ च्या अखेरीस खाणीत पडझड होऊन खाण बंद झाली. रेल्वेचे मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी आपण जिवंत असेतो गाडी चालवू असा शब्द दिला होता आणि तोट्यातही तो पाळला. १९५० च्या जुलैत ते वारले. आता रूळ उपटून भंगारात जाणार, हे उघड होते. त्या वेळी एल. टी. सी. रोल्ट या लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमला सभा बोलाविली, संस्था स्थापन केली आणि १९५१ च्या मे महिन्यात स्वयंसेवकांनी चालविलेली गाडी धावू लागली. त्या आधी जगात कोठेही असे घडले नव्हते. रुळांची अवस्था अशी होती की स्लीपर कुजलेले आणि दोन्ही रूळ जागेवर राहिले ते बरेचसे गवताच्या मुळांच्या कृपेने! शेजारच्या बंद पडलेल्या रेल्वेची दोन इंजिने त्यांनी प्रत्येकी पंचवीस पौंडांना विकत घेतली. कारकून, शिक्षक, विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी येत, खडी भरीत, झुडपे तोडीत, तिकिटे फाडीत.

तेथून ही चळवळ पसरली. दक्षिण वेल्समधील बॅरी येथील भंगारवाल्याच्या आवारात शेकडो वाफेची इंजिने तोडण्यासाठी येऊन पडली होती. वर्गण्या काढून, भंगाराच्या भावाने, एक एक करीत हौशी मंडळींनी त्यातून २१३ इंजिने सोडवून नेली. आज ब्रिटनमधील अशा रेल्वेंवर वीस हजारांच्या घरात स्वयंसेवक काम करतात. या गोष्टीचे कौतुक करताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर त्याच देशाने गोरगरिबांच्या उपयोगाचे हजारो मैलांचे ग्रामीण रेल्वेमार्ग बंद केले. चालती रेल्वे मारायची आणि मेलेल्या रेल्वेची पूजा बांधायची, हा विरोधाभास तेथील सरकारने करून दाखविला. दोष स्वयंसेवकांचा नव्हता, पण त्यांच्या उत्साहाने सरकारची लाज झाकली जाऊ नये.

आपल्याकडील एक इंजिन या चळवळीच्या हाती गेले आहे. नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशाने पुरी झाली. तिच्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीने चार इंजिने पाठविली. त्यांतील ७४० क्रमांकाचे इंजिन फिरत फिरत इंग्लंडमध्ये, लेटन बझर्डच्या स्वयंसेवकांच्या रेल्वेवर पोचले. माथेरानच्या वळणांवर ज्यांच्या आज्या-पणज्यांनी डोक्यावरून सामान वाहिले, त्यांना त्या इंजिनाची वार्ताही नाही. आणि सातासमुद्रांपलीकडचा कोणी निवृत्त कारकून शनिवारी त्याला तेल घालतो. मला याचा राग येत नाही. मला त्या कारकुनाचा हेवा वाटतो.

आपल्याकडे जे जतन झाले ते बहुतांशी रेल्वेने स्वतः, म्हणजे रेल्वे-कामगारांनी केले. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाची कोनशिला १९७१ साली राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी बसविली. हे गिरी रेल्वे कामगारांचे जुने पुढारी, बंगाल-नागपूर रेल्वेच्या संपात पुढे असलेले. मायकेल सॅटो नावाच्या हौशी इंग्रज इंजिनियरने देशभरातील शेडमधून जुनी इंजिने हुडकून देण्यास मोठे साहाय्य केले. १ फेब्रुवारी १९७७ रोजी संग्रहालय उघडले. कोनशिला आणि उद्घाटन या दोहोंच्या मध्ये १९७४ चा मे महिना येतो, हे विसरू नका. ८ ते २७ मे या वीस दिवसांत सुमारे सतरा लक्ष रेल्वे कामगार जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली संपावर होते. त्या संपाच्या मुळाशी ज्या तक्रारी होत्या, त्यांत इंजिनावरील माणसांना सलग किती तास राबवावे, हा जुना प्रश्न होता. हजारो लोक तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर बडतर्फांना परत घेण्यात आले. चकचकीत इंजिनाच्या शेजारी हा इतिहास मांडला जाणार नसेल, तर ते संग्रहालय लोखंडाचे झाले, रेल्वेचे नव्हे.

१८५५ साली लीड्स येथे घडलेले ‘फेअरी क्वीन’ १९९७ साली पुन्हा धावू लागले, ते मद्रासमधील पेरांबूरच्या कारखान्यातील कामगारांच्या कौशल्यामुळे. २००२ साली नागपूरच्या मोतीबागेत अरुंद रुळांच्या गाड्यांचे संग्रहालय झाले. पुण्यात भाऊसाहेब जोशींनी छोट्या रेल्वेंचे जग उभे केले, ते १९९८ पासून लोकांना पाहता येते. ही कामे चांगलीच आहेत.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळतो. निजामाच्या राज्यातील हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत मीटर गेजची घातली गेली. मनमाडला मोठे रूळ, तेथून इकडे लहान. त्यामुळे मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला गाडी बदलावी लागे आणि मालाची प्रत्येक गोणी हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जाई. मराठवाड्याने रुंदीकरणासाठी वर्षानुवर्षे झगडा केला. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी त्यासाठी आयुष्याचा मोठा भाग वेचला. ती मागणी शंभर टक्के न्याय्य होती. १९९० नंतरच्या दशकात इकडचे रूळ रुंद झाले, त्याचा मला आनंदच आहे. लहान रुळांसाठी मी अश्रू ढाळणार नाही.

परंतु झगडून मिळविलेल्या वस्तूच्या आनंदात, जिच्याविरुद्ध झगडलो तिचा पुरावा ठेवण्याचे भान सुटते. बार्शी लाइट रेल्वेचे पाहा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरने १८९७ साली अडीच फूट रुंदीच्या रुळांवर ती सुरू केली. १९११ साली ती लातूरला आली. पुढे मिरजेपर्यंत गेली. आषाढी-कार्तिकीला वारकरी तिच्या टपावर बसून पंढरीला जात. १९५४ साली सरकारने ती घेतली आणि या शतकाच्या आरंभी तिचेही रुंदीकरण झाले. विदर्भातील शकुंतला गाडीचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलेले. ते एप्रिल १९९४ पर्यंत राबले. या गाड्यांवर कापूस गेला, तूर गेली, दुष्काळात माणसे गेली. हा सारा प्रदेशाचा आर्थिक इतिहास आहे, आणि तो एखाद्या स्थानकाबाहेर चौथऱ्यावर रंग फासून उभ्या केलेल्या इंजिनातून कळत नाही. चौथऱ्यावरचे इंजिन आतून गंजत असते. पावसाचे पाणी धुरकांड्यातून शिरते, उरलेल्या राखेत मुरते आणि पत्रा खाते.

तर मग तरुणांनी हातात कानस आणि चिंध्या घेऊन ही इंजिने दुरुस्त करावीत काय? येथे माझ्या मनात एक अडचण आहे आणि ती मी आपल्यापासून लपविणार नाही. ज्या देशात आयटीआय झालेला फिटर कामासाठी वणवण फिरतो, तेथे फिटरचे काम फुकट करणे हे पुण्य की पाप? निजामी राजवटीत वेठ म्हणजे काय होती, हे मराठवाड्याला सांगायला नको. श्रमदानाचे गोड नाव देऊन उद्या एखादे खाते पहारेकऱ्याची, सफाई कामगाराची, फिटरची जागा रिकामी ठेवील आणि आपल्यासारख्यांकडून ती भरून काढील. तेव्हा माझा आग्रह असा की, ज्या कामाला पगारी माणूस असावयास हवा तेथे स्वयंसेवकाने हात लावण्यापूर्वी ती जागा भरा अशी मागणी करावी. ब्रिटनमध्येही स्वयंसेवकांच्या बरोबरीने हजारो पगारी माणसे आहेत. बॉयलर हे हौसेने हाताळण्याचे यंत्र नव्हे. तेथे दर दहा वर्षांनी बॉयलर उतरवून, नळ्या काढून, तपासनिसाची सही घेतल्याखेरीज इंजिन पेटविता येत नाही.

सेनापती बापट रोज सकाळी पारनेरचे रस्ते झाडीत, ते सफाई कामगाराची रोजी काढून घेण्यासाठी नव्हे. त्या कामावरचा कलंक पुसण्यासाठी. स्वयंसेवकाच्या श्रमाची जात ही असावी. शिकलेल्या मुलामुलींनी काजळी अंगावर घ्यावी, निवृत्त खलाशाला गुरू मानून त्याच्या हाताखाली राबावे आणि त्याच्या विद्येचा वारसा उचलावा.

कारण ती विद्या पुस्तकात पुरती उतरलेली नाही. थंड इंजिन पेटविताना घाई केली तर धातू असमान फुगतो आणि नळ्यांची तोंडे गळू लागतात. म्हणून आग कित्येक तास हळूहळू वाढवीत न्यावी लागते. बॉयलरच्या आत दोन पत्र्यांना जोडणाऱ्या शेकडो सळ्या असतात. त्यांतील एखादी तुटली आहे काय, हे अनुभवी बॉयलरमेकर हातोडीचा हलका ठोका मारून आवाजावरून ओळखतो. सांगत्या सळीचा आवाज खणखणीत, तुटलेलीचा बद्द. क्षारयुक्त पाण्याचा थर नळ्यांवर बसला की कोळसा जास्त जळतो आणि पत्रा तापून धोका होतो. म्हणून ठराविक दिवसांनी बॉयलर धुवायचा. हे धुणे ज्यांनी मराठवाड्याच्या पाण्यात केले, त्यांना त्या पाण्याची जी पारख असेल ती कोणत्या कागदावर मिळणार? लेणे कोरणाऱ्यानेही दगडावर छिन्नी ठेवण्यापूर्वी असाच ठोका देऊन पाहिला असणार. त्याचे ज्ञान गेले. आपल्या हाती दगड राहिला.

या मुदतीला आता फार वेळ उरलेला नाही. ब्रॉड गेजवरची वाफेची अखेरची नियमित गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी धावली. त्या वर्षी जो फायरमन पंचविशीत होता तो आज पंचावन्न ओलांडून गेला आहे, आणि ज्यांनी त्याला शिकविले त्यांच्यापैकी फार थोडे हयात असतील. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी माणसांकडे जा, असे मी म्हणतो. पूर्णा हे मीटर गेजच्या काळात शेड आणि कामगार-वसाहतीचे गाव. तेथे, मनमाडला, कुर्डुवाडीला निवृत्तांची घरे आहेत. त्यांना मोठे प्रश्न विचारू नका. सकाळी शेडमध्ये आल्यावर प्रथम काय करीत होता, हे विचारा. कोणत्या हत्याराला काय म्हणत? कोळसा खराब आला तर काय करीत? ड्युटी किती तासांची होती आणि भाकरी कोठे खात? चुलीऐवजी फावड्यावर काय भाजून घेत? चौऱ्याहत्तरच्या संपात घर कसे चालले, हे शक्य तर घरातल्या बाईंना विचारा, कारण ते त्यांनाच ठाऊक असते.

पहिली तुकडी पूर्णेला जावी, अशी माझी सूचना आहे. ज्यांना जायचे आहे त्यांनी रात्रीच्या जेवणापूर्वी आपली नावे नोंदवावीत. ध्वनिमुद्रणाला फोन पुरेल. तरीही वही आणि पेन्सिल बरोबर ठेवा, कारण फिटर माणूस अवयव समजावून सांगताना तोंडाने कमी बोलतो आणि चित्र अधिक काढतो.