आधी ठसा वाचा, मग पट्टा कापा

आजोबांचं सोन्याचं स्विस घड्याळ मिळालं, पण पट्टा सैल पडतोय? सोनाराकडे जाण्याआधी भिंग घ्या आणि पट्ट्याच्या कडीवर बघा. ७५० म्हणजे १८ कॅरट, ५८५ म्हणजे १४. १९९५ आधीच्या स्विस ठशांत १८ कॅरटला स्त्रीचं डोकं, १४ला खार असायची. ठसा केसवर असला तरी पट्ट्याचा वेगळा तपासा. पट्टा नंतर बदललेला असू शकतो. ‘रोल्ड गोल्ड’ लिहिलंय? मग सोनं फक्त वरच्या थरात, घासू देऊ नका.

पिनांच्या कड्या असतील तर त्या सहज निघतात. विणलेली जाळी मात्र कापून, तापवून जोडावी लागते. त्याआधी घड्याळ वेगळं करायला सांगा. आणि कापलेला तुकडा वजनात सोडून येऊ नका, जपून ठेवा. अनडू करायचा तो एकच बॅकअप!