नावं पडतात तेव्हा

कुणी कामं उरकून बसला असाल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. आज बोलायचंय ते पिक्चरच्या सुरुवातीला नावं पडतात त्यांच्याबद्दल. पुस्तकात त्याला श्रेयनामावली म्हणतात, पण आपण विचारतो ते "नावं पडली का गं?" एवढंच. नावं पडेपर्यंत पाणी पिऊन यायचं, पोराला झोपवायचं. आता मोबाइलवर तर ती ओलांडून पुढं जायला बटणच असतं.

रहस्याचा पिक्चर असेल तर ते बटण दाबू नका. का, ते सांगते.

अमेरिकेतही पूर्वी हीच तऱ्हा होती. थेटरातला कापडी पडदा सरकलेलाही नसायचा, त्या कापडावरच नावं पडून जायची. सोल बास नावाचा एक चित्रकार होता, पोस्टर आणि जाहिराती करणारा. त्यानं १९५५ साली 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' या पिक्चरची नावं चित्रांतून मांडली आणि फिल्मच्या डब्यांबरोबर थेटरवाल्यांना सूचना गेली की आधी पडदा सरकवा, मग नावं दाखवा. म्हणजे नावं हा पिक्चरचाच भाग झाला. आपल्याकडे तमाशात गणाआधी ढोलकी-हलगी कडाडते ना, तसंच. लोक सावरून बसतात, कान टवकारतात.

पाच वर्षांनी हिचकॉकचा 'सायको' आला. त्याची नावं सोल बासनंच केली. बघायला गेलं तर त्यात काहीच नाही. ना रक्त, ना भूत, ना किंकाळी. आडव्या-उभ्या पट्ट्या सपासप येतात. अक्षरं चिरल्यासारखी तुटतात, क्षणभर जुळतात, पुन्हा फाटतात. संगीत बर्नार्ड हरमनचं, आणि त्यात फक्त तारांची वाद्यं. ढोल नाही, पिपाणी नाही. छोटी छोटी सुरावट घाईनं पुन्हा पुन्हा येते आणि कुठं टेकतच नाही. दूध वर येतंय आणि गॅस बंद करायला हात पोचत नाही, तसं होतं.

पुढची गंमत ऐका. गोष्टीतली मॅरियन कचेरीत काम करणारी बाई. बँकेत भरायला दिलेले ४०,००० डॉलर घेऊन ती गाडीनं पळते. रात्र, पाऊस, आणि ती नुसती गाडी चालवतेय. एवढ्यात तेच नावांचं संगीत परत येतं. पडद्यावर काही घडत नाही तरी आपण पदर मुठीत धरून बसतो, कारण भीती आपल्या अंगात पहिल्या दोन मिनिटांतच पेरून ठेवलेली असते.

मला स्वतःला जास्त अस्वस्थ करतात ती त्याआधीच्या, १९५८ च्या 'व्हर्टिगो'ची नावं. एका बाईचा चेहरा दिसतो, पण अख्खा नाही. आधी ओठ. मग डोळे, इकडेतिकडे भिरभिरणारे. मग एकच डोळा, पडदा लाल होतो आणि त्या बुबुळातून पिक्चरचं नाव बाहेर येतं. मागोमाग गरगर फिरणारी वेटोळी. ती जॉन व्हिटनीनं केली. पुढं हीच वेटोळी घंटाघराच्या जिन्यात दिसतात, बाईच्या अंबाड्यात दिसतात.

ही बाई कोण, ते पिक्चर कधीच सांगत नाही. ती नायिका किम नोव्हाकसुद्धा नाही. आणि गोष्ट काय, तर एक पुरुष एका बाईला आपल्या मनातल्या दुसरीसारखी करू बघतो. हेच कपडे घाल, केसांचा रंग बदल, अंबाडा तसाच बांध. ती गयावया करते, तरी ऐकत नाही. बाईला अख्खं न बघता तुकड्या-तुकड्यानं बघणं म्हणजे काय, ते नावांनी आधीच दाखवलेलं असतं. हिचकॉकनं सगळं असं ठरवूनच केलं की नाही यावर वाद घालता येईल. मला मात्र ते लख्ख दिसतं.

आता एका नावाबद्दल. इलेन बास. ती सोल बासच्या कचेरीत कामाला होती, १९६१ मध्ये त्यांचं लग्न झालं. पुढं कितीतरी कामं दोघांनी मिळून केली, पण बोलबाला त्याचाच. १९९१ च्या 'केप फिअर'ची नावं मात्र दोघांच्या नावावर आहेत, आणि तिचं नाव आधी. त्यात दिसतं ते नुसतं हलणारं पाणी. त्यात पाखराची सावली, डोळा, चेहरा, एक लाल थेंब. नदीकाठी राहणाऱ्या बायकांना पाण्याची भीती वेगळी शिकवायला नको, पण तुम्हीसुद्धा दचकाल.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. एखाद्या रहस्यपटाची सुरुवात मोबाइलवर आधी आवाज बंद करून बघा. मग मोबाइल पालथा ठेवून नुसती ऐका. कुणाला कशानं जास्त भीती वाटली, ते एकमेकींना सांगा. आणि नावं वाचताना बायकांची किती आहेत आणि कोणकोणत्या कामासाठी आहेत, तेही मोजा.