आपली वाघूर



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून संगणकाबद्दल बोलावं असं काहींनी सुचवलं. पण ते आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी आज आपल्या नदीबद्दल बोलणार आहे.

पुण्या-मुंबईत कुणी गाव विचारलं की आपण सांगतो, "पहूर." समोरचा गप्प बसतो. मग आपण घाईघाईनं जोडतो, "अजिंठ्याच्या जवळ." खरं तर आपण आणि अजिंठा एकाच नदीच्या काठचे.

वाघूर अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि सातकुंडावरून उड्या घेत खाली येते. घोड्याच्या नालेसारखी ती दरी तिनंच कोरली. त्या कड्यात इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून भिक्षूंनी लेणी खोदली. पावसाळ्यात एके जागी राहायचं, तर निवारा हवा आणि पाणीही हवं. वाघुरीनं दोन्ही दिलं. पुढे 1819 साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली. 1844 पासून रॉबर्ट गिलनं तिथल्या चित्रांच्या प्रती काढण्यात वर्षानुवर्षं घालवली. त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. त्याची कबर आपल्या भुसावळात आहे. 1983 साली अजिंठा जागतिक वारसा झाला.

तीच नदी फर्दापूर, वाकोद करत आपल्याकडे येते. वाकोद म्हणजे भवरलाल जैन यांचं गाव. आपल्या पहूरच्या ग्रामपंचायती दोन, पेठ आणि कसबे. पण बाजार एक आणि बसस्टँडही एकच. जळगाव-संभाजीनगर आणि पाचोरा-जामनेर हे रस्ते इथेच भेटतात. आपली पीजे गाडी शंभर वर्षं या गावातून धावली, 2020 च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता रुंद रुळांची वाट पाहायची. शेंदुर्णीच्या रथाला त्या गाडीनं गेलेले कितीजण इथे बसले आहेत, ते चेहऱ्यांवरूनच कळतंय!

पहूरच्या पुढे वाघुरीवर धरण आहे आणि त्याचं पाणी जळगाव शहर पितं. जळगावात स्थायिक झालेल्या वर्गमित्रांनो, तुमच्या माठात आपल्याच गावावरून गेलेलं पाणी आहे. वरच्या टोकाला जगाचा वारसा, खालच्या टोकाला एका शहराची तहान आणि मधे आपण. आपण नदीत टाकलेली प्रत्येक पिशवी पुराबरोबर खाली जाते. म्हणून नदीची काळजी हा केवळ गावाच्या शोभेचा विषय नाही.

अजिंठ्याला जाणारे पर्यटक आपल्या चौफुलीवर चहा पिऊन पुढे जातात. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण आपली मुलंही आखाजी-दिवाळीला दोन दिवस येऊन तशीच परत जायला लागली आहेत. त्यांना आजीचं घर माहीत आहे, भरीत-भाकरी माहीत आहे, नदी माहीत नाही. वाळूत झिरा खणून पाणी कसं काढायचे, पूर आला की कुणाच्या ओट्यापर्यंत यायचा, हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याबरोबर हे सगळं जाईल.

म्हणून माझी एक विनंती आहे. स्नेहसंमेलनाची आठवण म्हणून शाळेला कमान किंवा फलक देण्याऐवजी आपण दरवर्षी नववीच्या मुलांची एक नदी-सहल करू. सकाळी अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवरून उगमाकडची दरी, दुपारी पहूरचा काठ, संध्याकाळी धरण. सोबत गावातल्या दोन जाणत्या आजी-आजोबांना घ्यायचं. मुलांनी त्यांचं बोलणं त्यांच्याच बोलीत लिहून घ्यायचं आणि वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवायची. एका बसचं भाडं आणि शिदोरी, एवढाच खर्च. आपण एवढेजण आहोत, तो जड नाही.

सर, बाई, तुम्ही आम्हाला नकाशावर नद्या रंगवायला शिकवलंत. निळी रेघ कुठून कुठे जाते ते आम्हाला अजून पाठ आहे. आता ती रेघ पुढच्या मुलांना प्रत्यक्ष दाखवू.

नावं लिहायची वही जेवणाच्या मंडपात ठेवली आहे. पहिलं नाव मी लिहिलं आहे.